निरंक मूल्य

निरंक मूल्य : एखाद्या नोंदीतील रकान्यात कोणतेही मूल्य नाही, हे दर्शविण्यासाठी वापरले जाणारे चिन्ह किंवा शब्द. ‘निरंक’ म्हणजे अंकविरहित. संगणकशास्त्रात या अर्थी ‘नल’ ही संज्ञा रूढ आहे. निरंक आणि ⇨शून्य यांत भेद आहे. शून्य ही संख्या आहे, तिची बेरीज-वजाबाकी करता येते व तिचे नियम ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ. स. ६२८) सांगितले. निरंक ही संख्या नव्हे, ती संख्येच्या अभावाची नोंद होय. एखाद्या विहिरीत पाणी शून्य फूट आहे असे म्हणणे आणि विहीर मोजलीच नाही असे म्हणणे यांत जेवढे अंतर, तेवढेच शून्य आणि निरंक यांत आहे. संकेतस्थळांच्या बांधणीत ‘जेसन’ या मजकूर-स्वरूपात माहिती साठविण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हा जुना प्रश्न नव्याने व अधिक गुंतागुंतीच्या रूपात पुढे आला आहे. प्रस्तुत नोंदीत त्याचा इतिहास कागदी दप्तरापासून दिला आहे. कारण संगणकाने हा प्रश्न निर्माण केला नाही, त्याने तो फक्त लपविता येईनासा केला.

दप्तरातील रिकामी जागा : कोऱ्या जागेची धास्ती लेखकवर्गाला पूर्वीपासून आहे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मुख्य मुद्रेहून वेगळी अशी मर्यादामुद्रा उमटवीत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, हा तिचा हेतू. धनादेशावर अक्षरी रकमेनंतर ‘फक्त’ लिहून आडवी रेघ ओढण्याची आजची रीत याच जातीची. कोरी जागा ही निरुपद्रवी नसते. तीत नंतर कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून ती बंद करावी लागते.

मराठी राज्यकारभाराच्या भाषेने या बाबतीत केलेला शब्दभेद लक्षणीय आहे. वरिष्ठ कार्यालयाने मागविलेली माहिती कनिष्ठ कार्यालयाकडे नसेल, तर ‘माहिती निरंक’ असे लिहून पत्रक मुदतीत पाठवावे लागते. यालाच निरंक अहवाल म्हणतात. पत्रकच न आल्यास ती माहिती ‘अप्राप्त’ ठरते. जो प्रश्न त्या गावाला किंवा व्यक्तीला विचारताच येत नाही, त्यापुढे ‘लागू नाही’ असा शेरा मारतात. कोरा सोडलेला रकाना या तिन्हींत बसत नाही; तो केवळ शंका उत्पन्न करतो. निरंक, अप्राप्त, लागू नाही व कोरा या चार अवस्था दप्तरी कारकुनाला पाठ असतात. संगणकाच्या जगाला त्या वेगळ्या ओळखण्यास बराच काळ लागला, आणि त्या सर्वत्र नीट वेगळ्या ठेवल्या जातात असे अजूनही म्हणता येत नाही.

निरंक अहवालाचे महत्त्व साथरोगांच्या सर्वेक्षणात ठळकपणे दिसते. पोलिओ निर्मूलनाच्या कामात बालकांतील अचानक येणाऱ्या लुळेपणाचा साप्ताहिक अहवाल पाठविताना रुग्ण नसला तरी शून्य कळविणे बंधनकारक असे. अहवाल न येणे म्हणजे रुग्ण नसणे, असे गृहीत धरले जात नसे. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. त्या घोषणेचा पाया रुग्णांच्या नोंदींइतकाच न आढळलेल्या रुग्णांच्या नोंदींवर होता.

‘नसणे’ हेही ज्ञानाचा विषय होऊ शकते, हा विचार भारतीय दर्शनांना परिचित आहे. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि त्याचे प्रागभाव (अजून झालेले नाही), प्रध्वंसाभाव (होते, आता नाही), अत्यंताभाव (कधीच नसते) व अन्योन्याभाव (हे ते नव्हे) असे चार प्रकार सांगितले. भाट्ट मीमांसकांनी तर अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. आधुनिक माहितीशास्त्राच्या प्रवर्तकांनी या परंपरेवरून काही घेतले असे नव्हे. परंतु सातबाऱ्यावरील रिकाम्या रकान्यांचे वर्गीकरण करू पाहणाऱ्यास हे चार प्रकार अनपेक्षितपणे उपयोगी पडतात.

घुग्घुस परिसरातील भूमी-अभिलेख : चंद्रपूर तालुक्यातील घुग्घुस हे वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाचे गाव. या खोऱ्यात सरकारी कोळसाखाण प्रथम वरोरा येथे १८७१ मध्ये सुरू झाली व ती १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी आदी ठिकाणी खाणकाम वाढले. खाजगी कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले आणि १९७५ पासून या भागातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. ज्या गावात जमिनीच्या पृष्ठभागावर कापूस व सोयाबीन आणि पोटात कोळसा असतो, तेथे जमिनीच्या नोंदीतील प्रत्येक रकान्याला, विशेषतः रिकाम्या रकान्याला, किंमत येते.

या जिल्ह्याचा अभिलेख-इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून निराळा आहे. नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये चांदा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या जमाबंदीचा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धतीत गावाच्या महसुलाची जबाबदारी मालगुजारावर असे आणि कुळांचे हक्क निरनिराळ्या वर्गांत नोंदविले जात. ही पद्धत १९५१ मध्ये संपुष्टात आली. जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनी संपूर्ण राज्यासाठी एकच गाव नमुने ठरविले. त्यांपैकी नमुना ७ (अधिकार अभिलेख) व नमुना १२ (पिकांची नोंदवही) मिळून सातबारा होतो. जुन्या पद्धतीच्या खसऱ्यातील माहिती नव्या नमुन्याच्या रकान्यांत भरताना असे रकाने समोर येत, ज्यांचा प्रश्न जुन्या दप्तराला कधी विचारलाच गेला नव्हता. ‘जुडी’ हा रकाना पहा. इनाम जमिनींवरील अंशतः आकारणीचा हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातील दप्तराचा. वर्धा खोऱ्यातील रयतवारी शेताच्या उताऱ्यावर तो छापला जाई आणि रिकामा राही. हा रिकामेपणा अज्ञानाचा नव्हता, गैरलागूपणाचा होता. उतारा वाचणाऱ्या शेतकऱ्याला मात्र हे कोणी सांगत नसे.

हा घोळ शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात केलेल्या बदलांत अंशतः निस्तरला. अकृषिक जमिनीच्या उताऱ्यातून जुडी व विशेष आकारणी, तसेच इतर अधिकारांतील कूळ व खंड हे रकाने काढूनच टाकण्यात आले. आणि क्षेत्र अकृषिक झाल्यामुळे गाव नमुना १२ ची आवश्यकता नाही, अशी स्पष्ट सूचना उताऱ्यावर छापण्यात येऊ लागली. रिकामा रकाना ठेवणे, रकानाच काढून टाकणे आणि तो का काढला हे सांगणे या तीन वेगळ्या कृती आहेत. पैकी तिसरी सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल. संकेतस्थळे रचणाऱ्या कुशल अभियंत्यांनाही हा निर्णय दरवेळी सुचतोच असे नाही.

नमुना १२ मधील कोरेपणा अधिक जाचक आहे. पूर्वी पीकपाहणी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पात शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करावयाची असते. आता एखाद्या हंगामाचा रकाना रिकामा दिसला, तर शेत पडीक होते, की पीक होते पण नोंद झाली नाही, की नोंद करू पाहिली पण जोडणी मिळाली नाही, हे त्या रिकाम्या चौकटीवरून कळत नाही. पडीक असल्यास ‘चालू पड’ किंवा ‘कायम पड’ अशी नोंद असावी, हा नियम जुनाच. परंतु व्यवहारात कोऱ्या जागेचा अर्थ वाचणारा आपल्या सोयीने लावतो. हमीभाव खरेदी केंद्रावर, पीककर्जाच्या वेळी वा नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात कोरा रकाना बहुधा ‘पीक नव्हते’ असाच वाचला जातो. शेतकऱ्याचे कापसाचे ओझे समोर असताना कागद ते नाकारतो.

खाणीसाठी जमीन संपादन करताना दुसरी अडचण येते. कोळसा धारक क्षेत्रे (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ च्या कलम ९ खालील घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली, की कलम १० नुसार जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते. गावच्या दप्तरातील फेरफार मात्र त्यानंतर होतो. मधल्या काळात भोगवटादाराच्या रकान्यात जुनेच नाव राहते. हे मूल्य रिकामे नाही, पण ते आता खरेही नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत हा प्रध्वंसाभाव असून नोंदीत तो भाव म्हणून दिसतो. मोबदल्याचा दावा करणाऱ्या वारसाचे नाव नोंदीतच नसेल, तर अडचण उलट दिशेने येते. वारसनोंद प्रलंबित आहे की वारस नाहीच, हे कोऱ्या जागेवरून ठरविता येत नाही; मोबदला आणि त्याला जोडून येणारा नोकरीचा हक्क मात्र त्यावर अडून राहतो.

याच जिल्ह्यांतील ‘झुडपी जंगल’ ही नोंद प्रस्तुत विषयाच्या कडेला येते, तरी तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. तेथे रकाना भरलेला होता, शब्द स्पष्ट होता, परंतु त्याचा अर्थ वन की महसुली जमीन हे दशकानुदशके ठरले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी अशा जमिनी वन समजण्याचा निर्णय दिला. भरलेला रकानाही निरंक असू शकतो, याचे इतके मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

कोरा रकाना मनाने भरून टाकण्याची प्रवृत्ती ही याच दुखण्याची दुसरी बाजू होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एका पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आढळते. शाळेत नाव घालताना पालकांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, आणि वयाचा हिशेब जुळावा म्हणून गुरुजी १ जून लिहीत. अज्ञात मूल्याच्या जागी संभाव्य मूल्य बसले, आणि ते बसविलेले आहे ही खूण मात्र पुसली गेली. सेवानिवृत्तीच्या वेळी त्याच तारखेने कार्यालयेच्या कार्यालये एकाच दिवशी रिकामी होतात.

संगणकपूर्व व आरंभीची पद्धती : छिद्रपत्रांच्या काळात न छेदलेला रकाना म्हणजे माहिती नाही असा अर्थ घेता येई, पण छिद्र पाडण्याचे राहून गेले असाही तो घेता येई. त्यामुळे अज्ञात वयासाठी ९९ किंवा ९९९ यांसारखा ‘अशक्य’ अंक लिहिण्याची चाल पडली. अशक्य वाटलेला अंक पुढे शक्य ठरला, की सरासरी बिघडते. भारतीय जनगणनेने हा प्रश्न अधिक शहाणपणाने हाताळला. वयाच्या कोष्टकात ‘वय न सांगितलेले’ असा निराळा वर्ग देण्यात येतो आणि एकूण बेरजेत तो धरला जातो.

आय. बी. एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसाठ्याचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यात माहिती कोष्टकांच्या रूपाने ठेवली जाते व गणिती क्रियांनी तीतून उत्तरे काढली जातात. गहाळ माहितीचा प्रश्न लगेच उभा राहिला. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका मानकविषयक अभ्यासगटाच्या अंतरिम अहवालाने ‘नल’चे तब्बल चौदा प्रकार नोंदविले. १९७९ च्या लेखात कॉड यांनी गहाळ मूल्यासाठी त्रिमूल्य तर्कशास्त्र सुचविले. सत्य व असत्य यांच्या जोडीला ‘अज्ञात’ हे तिसरे मूल्य मानण्याची ही कल्पना तर्कशास्त्रात पोलंडच्या यान वुकासियेविच यांनी १९२० च्या सुमारास मांडलेली होती. १९८६ मध्ये कॉड यांनी आणखी पुढे जाऊन ‘लागू आहे पण गहाळ’ आणि ‘लागूच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा असाव्यात असे प्रतिपादन केले. मराठी दप्तरातील ‘अप्राप्त’ आणि ‘लागू नाही’ यांचे हे जवळजवळ शब्दशः समांतर. दुर्दैवाने तोवर एसक्यूएल या पृच्छाभाषेचे पहिले अमेरिकन मानक (१९८६) निघाले होते आणि तीत एकच ‘नल’ होता. तो आजतागायत एकच आहे.

एसक्यूएलमध्ये नलची कशाशीही, अगदी दुसऱ्या नलशीही, तुलना केली तर उत्तर ‘अज्ञात’ येते, आणि अट सत्य ठरलेल्या ओळीच तेवढ्या निवडल्या जातात. परिणाम विचित्र होतात. खातेदारांच्या कोष्टकातून ‘साठ वर्षांवरील’ आणि ‘साठ वा त्याखालील’ अशा दोन याद्या काढल्या, तर त्यांची बेरीज एकूण संख्येएवढी भरत नाही. ज्यांचे वय नल ते दोन्हींतून गळतात. याहून गंभीर उदाहरण असे : ज्या खातेदारांचे क्रमांक मोबदला-वाटपाच्या यादीत नाहीत त्यांची नावे काढा, अशी पृच्छा ‘नॉट इन’ या पदाने केली आणि वाटपाच्या यादीत एक जरी क्रमांक नल असला, तर उत्तर पूर्णपणे रिकामे येते. कारण तो अज्ञात क्रमांक आपल्याच खातेदाराचा नसेल असे यंत्राला निश्चित म्हणता येत नाही. तर्क निर्दोष आहे. परंतु पडद्यावर रिकामी यादी पाहणारा अधिकारी ‘कोणीही मोबदल्यावाचून राहिलेले नाही’ असे समजतो. सी. जे. डेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी नलला कायम विरोध केला, तो याच कारणाने. त्यात उत्पादकांनी भर घातली. ओरॅकल माहितीसाठा रिक्त अक्षरमालेलाही नल समजतो. इतर बहुतेक साठे तसे समजत नाहीत. क्रमवारी लावताना पोस्टग्रेएसक्यूएल नल शेवटी ठेवतो, तर मायएसक्यूएल आरंभी.

प्रोग्रामिंग भाषांत ‘कशाकडेही न दाखविणारा दर्शक’ या अर्थाचा नल टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणला. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीसाठी ब्रेंडन आइक यांनी अल्पावधीत तयार केलेल्या जावास्क्रिप्ट भाषेत तर दोन अभाव आले : ‘नल’ म्हणजे मुद्दाम रिकामे ठेवलेले आणि ‘अनडिफाइंड’ म्हणजे ठरविलेलेच नाही.

जेसन व त्यातील नल : जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन, संक्षेपाने जेसन, हे मजकूर-स्वरूप डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास रूढ केले. त्याचे पहिले अधिकृत वर्णन २००६ मध्ये आणि सध्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वस्तू, यादी, अक्षरमाला व संख्या यांखेरीज सत्य, असत्य व नल एवढीच मूल्ये आहेत. ‘अनडिफाइंड’ला जागा नाही. परिणामी जावास्क्रिप्टमधील वस्तू जेसनमध्ये उतरविताना ‘अनडिफाइंड’ असलेले रकाने नावासकट गळून पडतात, पण तेच मूल्य यादीत असेल तर त्याचे नल होते. एका अभावाचा दोन ठिकाणी दोन प्रकारे निकाल लागतो.

जेसनची ताकद त्याच्या लवचिकपणात आहे. ठरीव कोष्टकात प्रत्येक ओळीला सारखेच रकाने असतात. जेसनमध्ये प्रत्येक नोंदीचे रकाने निराळे असू शकतात. म्हणूनच ठरीव कोष्टकांच्या साठ्यांनीही जेसनसाठी रकाना देऊ केला. पोस्टग्रेएसक्यूएलने तो २०१२ मध्ये, आणि अधिक कार्यक्षम ‘जेसनबी’ प्रकार २०१४ मध्ये आणला. मायएसक्यूएलने २०१५ मध्ये. येथे एकाच चौकटीत दोन निराळ्या कुळांतले नल एकत्र आले. समजा, घुग्घुस येथील भूखंडांच्या कोष्टकात ‘तपशील’ नावाचा जेसन-रकाना आहे आणि त्यात कुळाचे नाव साठवायचे आहे. एका भूखंडाचा ‘तपशील’ रकाना संपूर्णच एसक्यूएल-नल असू शकेल. दुसऱ्यात जेसन आहे, पण ते जेसन म्हणजेच एकटा नल आहे. तिसऱ्यात वस्तू आहे, पण तीत ‘कूळ’ हे नावच नाही. चौथ्यात ‘कूळ’ आहे व त्याचे मूल्य नल. पाचव्यात मूल्य रिक्त अक्षरमाला. आणि सहाव्यात एखाद्या सावध कारकुनाने ‘निरंक’ हा शब्द टंकित केलेला आहे, जो यंत्राच्या दृष्टीने कुळाचे नाव ठरतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पहिला भूखंड ‘नल आहे का’ या प्रश्नाला होय म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. तिसऱ्या व चौथ्यातून ‘कूळ’ जेसन म्हणून काढले तर ते वेगळे दिसतात. मजकूर म्हणून काढले तर दोन्ही एसक्यूएल-नल होतात आणि त्यांतील भेद कायमचा हरवतो. मायएसक्यूएलमध्ये चौथ्यातील मूल्य अवतरणे काढून घेतले, तर ‘नल’ ही इंग्रजी चार अक्षरे मजकूर म्हणून हाती येतात.

वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळे उभारण्याचे तयार सांगाडे. ब्राउझरमधील अर्ज, प्रोग्रामिंग भाषा आणि माहितीसाठा या तिघांमध्ये ते दुभाष्याचे काम करतात. आणि दुभाष्याकडे शब्द कमी असले की भेद पुसले जातात. मुळात अर्जातच गोंधळ असतो. कोरी ठेवलेली मजकुराची चौकट रिक्त अक्षरमाला म्हणून पाठविली जाते, तर खूण न केलेली चौकट पाठविलीच जात नाही. लारावेलने २०१७ पासून (आवृत्ती ५.४) आलेल्या सर्व रिक्त अक्षरमाला आपोआप नल करण्याचे ठरविले. सोय झाली, पण ‘मुद्दाम कोरे ठेवले’ ही माहिती तेथेच संपली.

पायथॉन भाषेतील जँगो या सांगाड्यात जेसन-रकाना प्रथम २०१५ मध्ये केवळ पोस्टग्रेएसक्यूएलसाठी, आणि ऑगस्ट २०२० मध्ये (आवृत्ती ३.१) सर्व प्रमुख साठ्यांसाठी आला. पायथॉनमध्ये अभावासाठी ‘नन’ हे एकच मूल्य आहे. ते जेसन-रकान्यात साठविले की एसक्यूएल-नल साठतो. जेसनचा नल हवा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. वाचताना मात्र दोन्ही ‘नन’ म्हणूनच परत येतात. शोध घेताना नियम उलटतो : ‘मूल्य नन’ अशी अट दिली तर जेसन-नल शोधला जातो, आणि एसक्यूएल-नलसाठी ‘इझनल’ ही स्वतंत्र अट वापरावी लागते. वस्तूच्या आतील नावाबाबत हीच ‘इझनल’ अट ‘ते नाव नाही’ असा अर्थ घेते. एसक्यूलाइट व ओरॅकल यांवर तिचे वर्तन आरंभी या अर्थाशी जुळत नव्हते. ते पुढे दुरुस्त करण्यात आले. या सांगाड्याच्या मार्गदर्शिकेतच सल्ला आहे, की एसक्यूएल-नलची खरोखर गरज नसल्यास तो वर्ज्य करावा आणि रिकामी वस्तू हे पूर्वनिश्चित मूल्य ठेवावे. सल्ला चांगला आहे. परंतु रिकामी वस्तू म्हणजे ‘निरंक’ की ‘अप्राप्त’ हे तरीही ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

हा प्रश्न केवळ सुबकतेचा नाही, याची जाणीव रूबी ऑन रेल्सच्या वापरकर्त्यांना २०१२ मध्ये झाली. बाहेरून आलेल्या विनंतीत साध्या मूल्याऐवजी नल असलेली यादी पाठविली, तर ‘मूल्य रिकामे नाही ना’ ही तपासणी ती पार करी. यादी रिकामी नसल्याने तपासणीला काही वावगे दिसत नसे. पुढे माहितीसाठ्यात मात्र तिचे रूपांतर ‘जेथे रकाना नल आहे’ अशा अटीत होई. परवलीचा शब्द बदलण्यासाठी पाठविलेले गुप्त चिन्ह ज्या खात्यावर नाही, ते खाते अशा रीतीने चिन्हाविनाच सापडू शके. उपाय म्हणून अशा याद्यांतील नल गाळण्याची व्यवस्था झाली. तीत रिकाम्या याद्याही नल होऊ लागल्या आणि प्रामाणिक वापरकर्त्यांची माहिती बदलू लागली. रिकामी यादी रिकामीच ठेवण्याचे धोरण पाचव्या आवृत्तीत (२०१६) आले.

माहिती दुरुस्त करतानाचे धोके वेगळे आहेत. जेसनचा एखादाच भाग बदलण्यासाठी २०१४ मध्ये ठरविलेल्या ‘मर्ज पॅच’ पद्धतीत न पाठविलेले नाव म्हणजे ‘जसे आहे तसे राहू द्या’ आणि नल म्हणजे ‘हे नाव काढून टाका’. या पद्धतीने कुळाच्या रकान्यात नल लिहिता येतच नाही; लिहू पाहिले की रकाना नाहीसा होतो. पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘जेसनबी_सेट’ हे फलन याहून कठोर होते. नव्या मूल्याच्या जागी चुकून एसक्यूएल-नल गेला, तर फलनाचे उत्तरच नल येई. आणि ते रकान्यात परत लिहिले की कुळाचे नावच नव्हे, त्या भूखंडाचा संपूर्ण तपशील एका आज्ञेत पुसला जाई. नलविषयीच्या सर्वसाधारण नियमाला हे धरूनच होते, म्हणून त्याला दोष म्हणावे की नाही यावर मतभेद झाले. २०२० मध्ये तेराव्या आवृत्तीत ‘जेसनबी_सेट_लॅक्स’ हे पर्यायी फलन देण्यात आले. त्यात अशा वेळी जेसन-नल लिहावा, नाव काढून टाकावे, जुने मूल्य ठेवावे की चूक दाखवून थांबावे, हे वापरणाऱ्याला सांगता येते. जुने फलन पूर्ववत आहे.

आंतरराष्ट्रीय एसक्यूएल मानकात जेसनचा समावेश २०१६ मध्ये झाला. त्यात मार्गावर काहीच न सापडणे आणि वाचताना चूक होणे यांसाठी वेगवेगळे आदेश देण्याची तरतूद असून पोस्टग्रेएसक्यूएलच्या २०२३ व २०२४ मधील आवृत्त्यांत या तरतुदी टप्प्याटप्प्याने आल्या. कोष्टकातील ओळीपासून जेसन तयार करताना नल लिहावा की गाळावा हेही मानकानुसार सांगता येते. न सांगितल्यास वस्तू तयार करताना नल लिहिला जातो आणि यादी तयार करताना गाळला जातो. म्हणजे बारा महिन्यांच्या पर्जन्यमानाची यादी केली व त्यात जुलैची नोंद अप्राप्त असली, तर ऑगस्टचा पाऊस सातव्या स्थानी येऊन बसतो.